जागी झालेली फिल्म

चेंबर नंबर तीनमध्ये बेदाणा गळत होता.

बेदाणा गळत नसतो, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. तो वाळतो, चिकटतो, फार तर काळा पडतो. पण त्या दुपारी मगदूम कोल्ड स्टोअरेजचा तिसरा दरवाजा उघडला, तेव्हा छतापर्यंत रचलेल्या खोक्यांवरून पिवळट, चिकट पाक ओघळत होता आणि त्यातून बेदाणे टपाटप खाली पडत होते. त्रिशला मगदूम दारात उभी राहून बघत असतानाच मधली एक थप्पी कलली. तिला आवळून धरणारी फिल्म आता शिल्लकच नव्हती. खोकी धाडधाड कोसळली आणि खाली उभ्या असलेल्या एका हमालाचा पाय त्यांच्याखाली सापडला. त्याची किंकाळी ऐकून बाकीचे हमाल बाहेर पळाले, मग लाज वाटून परत आत शिरले आणि त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं. गुडघ्याखाली पाय भलत्याच दिशेला वळला होता.

"आक्का, हे काय झालंय गं?" श्रेणिकनं विचारलं. श्रेणिक तिचा धाकटा भाऊ. वडिलांमागं स्टोअरेज तोच सांभाळत होता.

त्रिशलानं बोटावर थोडा पाक घेतला, दोन बोटांत चोळला. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. ही फिल्म तिनंच आणली होती, आणि ती जागी झाली होती.

आता ही फिल्म म्हणजे काय भानगड, ते सांगायलाच हवं. त्याशिवाय पुढची मारामारी कशासाठी झाली ते कळायचं नाही.

सरकारनं आवरण कायदा आणला. पहिल्या वर्षी फर्मान निघालं, प्लॅस्टिक बंद, कागद वापरा. व्यापाऱ्यांनी कागदी खोकी केली, आतून पातळ अस्तर लावलं. दुसऱ्या वर्षी साहेबांना ते अस्तर खुपलं. तेही बंद. आता अस्तराशिवाय बेदाणा ओल धरतो, हे दिल्लीत बसलेल्याला कोण सांगणार? तिसऱ्या वर्षी कहरच. प्रत्येक आवरण कचऱ्यात गेल्यावर आपोआप विरघळलं पाहिजे, आणि तेही लडाखच्या थंडीतसुद्धा! व्यापारी डोक्याला हात लावून बसले. त्रिशलाचं मात्र याच गोंधळावर पोट होतं. पुण्यात पॅकेजिंगचं शास्त्र शिकून ती परत आली होती, मार्केट यार्डाजवळ तिचं सल्ला देण्याचं ऑफिस होतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची, "कायद्याच्या मागं धावत बसलात तर दम लागून मराल. तो पुढं कुठं वळणार आहे ते ओळखा आणि आधीच तिथं जाऊन उभे राहा." तिचं म्हणणं लोकांना पटायचं. पटायलाच हवं होतं, कारण तोपर्यंत ती एकदाही चुकली नव्हती.

तिसऱ्या वळणावर ती जी वस्तू घेऊन उभी राहिली, ती ही 'सुप्ती' फिल्म. खोक्याच्या आत अस्तराला तीच, बाहेरून थप्पी आवळायलाही तीच. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उसाच्या मळीपासून केलेलं पॉलिएस्टर. त्यातच एक एन्झाइम मिसळलेलं. एन्झाइम म्हणजे रेणूंच्या जगातली कात्री. पॉलिएस्टरच्या लांब साखळ्या जिथं जोडलेल्या असतात, नेमकी तिथं ती कापते आणि फिल्मचा पाक होतो. पण दुकानात ठेवलेलं पाकीट विरघळून कसं चालेल? म्हणून कात्रीला कुलूप घातलेलं. त्या कुलपाची किल्ली म्हणजे अमोनिया. कचऱ्याचा ढीग कुजायला लागला की त्यातून अमोनिया सुटतोच. म्हणजे फळीवर फिल्म झोपलेली राहणार, उकिरड्यावर गेली की जागी होणार. लडाखच्या अटीसाठी ही कात्री हिमनदीतल्या जिवाणूंपासून घेतली होती, त्यामुळं थंडीतही तिची धार जात नव्हती. डोकं लढवलं होतं लेकाच्यांनी, नाही म्हणता येणार नाही.

फक्त एक गोष्ट राहून गेली. कोल्ड स्टोअरेज थंड होतं तेच मुळी अमोनियावर.

नळ्यांमधून अमोनिया खेळवायचा, तो उष्णता ओढून घेतो, चेंबर गार होतं. नळ्या असल्या की जोड आले, जोड आले की कुठंतरी चिमूटभर गळतीही आली. प्रत्येक स्टोअरेजमध्ये तो उग्र वास असतोच. मालक म्हणतात, वास येतोय म्हणजे मशीन चालू आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या लोकांना हे माहीत नव्हतं, त्यांची शीतखोली वेगळ्याच वायूवर चालायची. पण त्रिशलाला माहीत असायला हवं होतं. ती कॉम्प्रेसरच्या वरच्या खोल्यांत लहानाची मोठी झाली होती. आईच्या पदराला तो वास होता, शाळेच्या दप्तराला होता, रविवारच्या पोळीलाही होता. इतका होता की तिच्या नाकानं त्याची दखल घेणंच सोडून दिलं होतं. परक्या गावची मुलगी असती तर पहिल्याच दिवशी नाक मुरडून म्हणाली असती, "शी, हा वास कसला?" त्रिशलाला घरी आल्यासारखं वाटायचं.

यार्डात त्या दिवशी सौदे होते. सौद्यासाठी नेलेली नमुन्याची खोकी फोडली तर आत राडा निघाला. मग काय विचारता! तासाभरात स्टोअरेजच्या आवारात जीपगाड्या आणि माणसं मावेनात. पुढं भगवान खराडे. तासगावकडचे बडे बागायतदार, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले, आवाज असा की माईक लागू नये. तीन नंबरमध्ये सगळ्यांत जास्त माल त्यांचाच होता. त्रिशलाच्या ऑफिसच्या उद्घाटनाला नारळ फोडला होता तोही यांनीच.

"कुठाय ती फिल्मवाली?" खराडे गरजले. "बाहेर काढा तिला!"

एक दगड आला आणि ऑफिसची काच फुटली. दुसरा दस्तगीर नदाफच्या तोंडावर बसला. दस्तगीर मशीन चालवणारा. तो बिचारा दोन्ही हात पसरून "थांबा की वो, थांबा की," म्हणत आडवा आला होता. त्याचा ओठ फाटून रक्त दाढीत उतरलं. कुणीतरी लोखंडी गज घेऊन श्रेणिकच्या गाडीवर तुटून पडलं. दिवा फुटला, टप चेपला, आणि लोकांना जोर चढला. माल वाचवता येत नाही तर निदान काहीतरी फोडता तरी येतंय, असं झालं होतं सगळ्यांना.

त्रिशला वजनकाट्यावर चढली. समोर दीडएकशे माणसं, निम्म्यांचे मोबाइल तिच्याकडं रोखलेले. त्यातल्या प्रत्येकाला तिनं स्वतः पटवून ही फिल्म घ्यायला लावली होती. या एका स्टोअरेजमध्येच नव्हे, मिरजेपासून कवठेमहांकाळपर्यंत सगळीकडं तिचीच फिल्म होती. आपण संपलो, एवढं एकच तिला दिसत होतं.

"ऐका!" ती ओरडली. "फिल्ममध्ये दोष नाही! ती अमोनियानं विरघळते, तशीच ती बनवलीय. इथं अमोनियाची जरा गळती आहे. ज्या स्टोअरेजमध्ये गळती नाही, तिथल्या मालाला धक्का लागणार नाही!"

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. भीतीनं माणसं खोटं बोलतात. त्रिशला भीतीनं खरं बोलली, पण निम्मंच. गळती सगळीकडंच असते आणि हे आपल्याला सुचायला हवं होतं, ते उरलेलं निम्मं तिच्या घशातच राहिलं.

मग सगळी डोकी श्रेणिककडं वळली.

"आक्का?" श्रेणिक म्हणाला. एवढंच. त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की तिला खाली बघावं लागलं.

मग त्याला बोलायला वेळ मिळालाच नाही. पहिला ठोसा पोटात बसला, दुसरा कानशिलावर. सदरा टराटरा फाटला. दोघांनी हात पिरगाळले, तिसऱ्यानं केस धरून त्याचं डोकं काट्याच्या खांबावर आपटलं. एकदा, दोनदा. त्रिशला खाली उडी मारून त्या घोळक्यात घुसली, तर कुणीतरी तिला कोपरानं ढकललं आणि ती पालथी पडली. तिच्या हातावर कुणाचा तरी बूट पडला.

"मारू नका रे, मरेल!" खराडे ओरडले. तेवढी शुद्ध त्यांना होती. "याचं स्टोअरेज, याचा गॅस. बसू दे यालाच आत! पोलीस आणि विम्यावाले येईपर्यंत आमचा माल राखत बसू दे."

लोकांना ही कल्पना भलतीच आवडली. श्रेणिकला फरफटत नेऊन तीन नंबरमध्ये ढकललं, जड दरवाजा लोटला, आणि बाहेरच्या कडीतून तोच लोखंडी गज आरपार घालून घणानं वाकवून टाकला. आतून दारावर थापा ऐकू आल्या. बाहेर दोघंतिघं हसले.

त्रिशला उठली. आधी गॅस बंद करायचा, बाकी सगळं नंतर, एवढंच तिला सुचलं. दस्तगीरला घेऊन ती मशीनरूमकडं धावली. त्यानं कॉम्प्रेसर थांबवला, मुख्य व्हॉल्व्ह आवळला. आणि तिथंच तिला ते दिसलं. चेंबरमधला पाक भिंतीच्या भोकातून नळीवरून सरकत सरकत व्हॉल्व्हपर्यंत आला होता. व्हॉल्व्हच्या जोडाला पॉलियुरेथेनचं नवं सील होतं. तिनं बोट लावलं, तर सील लोण्यासारखं दबलं.

कात्रीला काय ठाऊक, ही फिल्म आणि हे सील! साखळीतले जोड तसेच दिसले की ती कापत सुटते. म्हणजे गळतीनं फिल्म जागी केली, फिल्मनं सील खाल्लं, सील गेलं की गळती वाढणार, आणि गळती वाढली की आणखी फिल्म जागी होणार. हे आता थांबणार नव्हतं.

"दस्तगीर, तीन नंबरमध्ये छताला नळ्या आहेत, त्यांच्या जोडालाही हीच सिलं?"

"हीच की, ताई. सगळी एकदमच बदलली होती. इथली बी, बाकीच्या स्टोअरेजमधली बी."

"मशीन बंद केलंय आपण. मग त्या नळ्यांतला अमोनिया?"

"तो कुठं जाणार?" दस्तगीर म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा पांढरा पडला. "नळ्यांतच भरलेला हाय."

आणि त्या नळ्यांखाली श्रेणिक होता.

ती परत धावत आली तेव्हा खराडे दाराला पाठ लावून उभे होते. पंचनाम्याआधी कुणी दार उघडून मालात ढवळाढवळ करू नये म्हणून.

"काका, दार उघडा! आत गॅस फुटणार आहे! भाऊ मरेल माझा!"

"मघाशी तर म्हणालीस, जरा गळती आहे."

"जरा होती! आता फिल्म सिलं खायला लागलीय. चूक माझी आहे, ऐकताय का? त्याची नाही, माझी! ही फिल्म अमोनियाच्या जागेत आणायलाच नको होती!"

"बघा, आता उलटी फिरली!" खराडे लोकांकडं बघून म्हणाले. "भावाला सोडवायला नाटकं करायलीय. वर्षाची मेहनत आत सडतीय आमची, आणि ही बाई घडीघडीला जबानी बदलतीय!"

दस्तगीरनं खिशातून गंधकाची काडी काढली. गळती शोधायची ती जुनी रीत. पेटलेल्या गंधकाचा धूर अमोनियाला भेटला की पांढरा होतो. त्यानं काडी पेटवून दाराच्या फटीशी धरली मात्र, फटीतून दाट पांढरा लोट उठला. बेदाण्याला गंधकाची धुरी देणाऱ्या माणसांना ते काय आहे हे सांगावं लागत नाही. पुढची रांग मागं सरली. "भगवानराव, सरका, सरका," कुणीतरी म्हणालं. आतल्या थापा आता बंद झाल्या होत्या.

खराडे सरकले नाहीत. हट्ट म्हणा, माल म्हणा, चारचौघांत मागं न हटण्याची खोड म्हणा. त्यांनी गजावर हात घट्ट धरून ठेवला.

त्रिशला जैनाघरची पोर. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून तिची आई वाट बघून चालायची. त्रिशलानं पडलेला घण दोन्ही हातांनी उचलला आणि खराडेंच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. खराडे गुडघ्यांवर कोसळले. तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. दुसरा घाव गजावर, तिसरा गजावर, चौथा कडीवर. हातांची साल निघाली. पाचव्या घावाला कडी दारातून उपटून आली, आणि नेमकं त्याच वेळी आत छतावर काहीतरी फाडकन फुटलं.

दार आपसूक उघडलं. पांढरा ढग बाहेर लोटला, आणि दीडशे माणसं एकदम पळायला लागली. आवाराचं फाटक अरुंद. पडले ते तुडवले गेले. कुणी घसा धरून ओकत होतं, कुणी डोळे चोळत भिंतीवर जाऊन आदळत होतं. एक जीप मागं घेताना दोघांना ठोकरून गेली. मघाशी हसणारी माणसं आता आईच्या नावानं ओरडत होती. दस्तगीरनं पाण्याचा पाइप उघडला आणि दारावर धार धरली. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, तेवढाच आडोसा. एका हातानं तो धार मारत होता आणि दुसऱ्या हातानं खराडेंना कॉलर धरून बाजूला ओढत होता.

त्रिशलानं ओढणी भिजवून तोंडाला गुंडाळली आणि ती आत शिरली. डोळ्यांत कुणी तिखट कोंबावं तसं झालं. डोळे मिटूनच ती रांगत गेली, कोसळलेल्या खोक्यांवरून, चिकट राड्यातून, हातांनी चाचपत. "श्रेणिक! श्रेणिक!" हाक घशातून निघतच नव्हती. पार शेवटच्या भिंतीपाशी तिच्या हाताला पाय लागला. तो ओल्या बेदाण्याच्या राड्यात तोंड खुपसून पालथा पडला होता. त्या ओलीनंच थोडाफार वायू शोषून घेतला असणार. तिनं त्याचे दोन्ही पाय काखेत धरले आणि ओढत आणलं.

बाहेर आल्यावर दस्तगीरनं दोघांवर पाणी सोडलं. श्रेणिक खोकला, रक्त थुंकला, आणि श्वास घेतला. जिवंत होता. त्रिशला त्याच्या छातीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मग त्यानं डोळे उघडले. पापण्या सुजून लाल झाल्या होत्या, आणि बुबुळांवर दुधाळ पडदा आला होता.

"अंधार का केलाय?" श्रेणिकनं विचारलं. दुपारचं ऊन डोक्यावर होतं.

दस्तगीरनं टेम्पो काढला. पाण्याचे कॅन मागं चढवले. टेम्पो मिरजेच्या रस्त्याला लागला, त्रिशला मागं बसून एका हातानं श्रेणिकच्या डोळ्यांवर पाण्याची धार धरत होती आणि दुसऱ्या हातानं बाकीच्या स्टोअरेजवाल्यांना फोन लावत होती. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ती ओरडूनच बोलत होती. "चेंबर रिकामं करा, माणसं बाहेर काढा, नळ्यांतला गॅस टाकीत ओढून घ्या!"

"ताई, आमच्याकडं गळती नाही," पहिला मालक हसून म्हणाला. "तुमचा व्हिडिओ पाहिला की. तुम्हीच सांगितलंत ना, गळती नसेल तर भिऊ नका."

"सगळ्यांकडं असते! वास येतो ना?"

"वास तर कायमच येतो."

दुसऱ्यानं तेच सांगितलं. तिसरा म्हणाला, भावाला वाचवायला आता आमच्यावर ढकलताय होय? चौथ्यानं नाव ऐकून फोनच ठेवून दिला. तिचं ते निम्मं सत्य तिच्या आधीच सगळीकडं जाऊन पोचलं होतं आणि मालक निर्धास्त झाले होते. आत निवडणाऱ्या बायका होत्या, हमाल होते, आणि छतावरची सिलं एकेक करून मऊ पडत होती. पाचव्या फोननंतर तिनं मोबाइल मांडीवर टाकला. "कुणी ऐकेना रे," ती म्हणाली.

पाणी श्रेणिकच्या गालांवरून वाहत होतं.

"चौगुलेंचं स्टोअरेज वाटेतच हाय ना?" त्यानं विचारलं. आवाज घोगरा, फाटलेला.

"आहे. पण आधी दवाखाना."

"तिथं थांबव."

"श्रेणिक, डोळे जातील तुझे! एकेक मिनिट..."

"गेले असतील तर गेलेच आता." त्यानं चाचपडत तिचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की बुटाखाली चेंगरलेल्या हातातून कळ निघाली. "तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार न्हाई, आक्का. मीही ठेवला नसता. पण माझं तोंड बघतील की."

"मला माफ कर रे..."

"ते नंतर. आधी मला खाली उतरव."

चौगुलेंच्या फाटकात टेम्पो थांबला. चौगुले चहाचा कप घेऊन बाहेर आले. त्रिशलाला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, काहीतरी खरमरीत बोलायला त्यांनी तोंड उघडलं. त्रिशलानं भावाचा हात खांद्यावर घेतला आणि त्याला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. श्रेणिकनं मान वर केली. आवाज कुठून येतोय त्याचा अंदाज घेत त्यानं ते पांढरे झालेले डोळे चौगुलेंच्या दिशेनं उघडून धरले.

"चौगुले काका," तो म्हणाला, "आत किती माणसं आहेत?"

चौगुलेंच्या हातातला कप खाली पडला. ते वळले आणि चेंबरच्या दाराकडं पळत सुटले.